सहा आठवडे आणि एक अंघोळ

ती : मला आता थांबायचंय.

तो : दोन एम्ब्रियो अजून फ्रीझ आहेत. २०२१च्या कायद्यानं दहा वर्षं ठेवता येतात. आत्ताच का थांबायचं?

ती : कारण मला रडून घ्यायचंय. दर वेळी मी रडायला बसते, तोवर तू पुढच्या सायकलची तारीख घेऊन आलेला असतोस.

तो : माझ्या हातात तेवढंच असतं. इंजेक्शनं मला टोचत नाहीत. ठोके लागले नाहीत, हे डॉक्टर तुझ्याकडे बघून सांगतात.

ती : म्हणजे तुझं काही गेलं नाही?

तो : ते कुणी विचारलंच नाही. तुला कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात. ‘मिसेस कशा आहेत?’ एवढंच विचारतात.

ती : शास्त्रातही तेच. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०मध्ये ‘धर्मसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यात पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला तर आईला तीन दिवसांचं अशौच सांगितलंय. बापाला नुसतं स्नान.

तो : एक अंघोळ!

(शास्त्रानं आणि कायद्यानं देहाचा हिशेब ठेवला, आणि तो ठेवायलाच हवा, रक्त तिचंच जातं. पण ज्याच्या देहाला काही झालं नाही, त्यानं कुठे रडावं, हे दोघांनीही सांगितलं नाही. असा माणूस मग तारखा आणतो. ते मला कोरडेपणाचं वाटत नाही.)

तो : दोष माझ्या रिपोर्टमध्ये निघाला असता तर बरं झालं असतं. तू जिना चढल्याचं मनाला लावून घेतलं नसतंस.

ती : लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांच्या दोषामुळे जातात, हे मला पाठ आहे. तरी रात्री जिनाच आठवतो. आणि तू? प्रयत्न चालू आहेत तोवर आधीच्यांसाठी रडावं लागत नाही, असंच ना?

तो : हो. थांबलो की ती खरोखर गेली.

ती : माझ्यासाठी ती गेलीच आहेत. तू ते मान्य करीत नाहीस, म्हणून मी एकटी पडते.

तो : थांबलो आणि पुढे मी तुला दोष दिला तर?

ती : देशील कदाचित. ओढत नेलंस तर मीही देईन.

तो : फ्रीझिंगची फी या महिन्यात भरायची आहे.

ती : भर. तारीख मात्र घेऊ नकोस. आणि ऑफिसात रजा टाक, तुझ्यासाठी.

तो : कारण काय लिहू?

ती : खरं ते लिही.