खांब हलतो तेव्हा

2018 च्या नोव्हेंबरात डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या जमिनीखाली जे सुरू झालं, ते लवकर थांबलं नाही. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, सासवंद या गावपाड्यांत आधी गडगडाट ऐकू यायचा, मग धक्का बसायचा. 1 फेब्रुवारी 2019 या दिवशी धक्क्यामागून धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा चार रिश्टरच्या वरचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना एक चिमुरडी पडली आणि दगावली. त्यानंतर थंडीत माणसं तंबूंत आणि अंगणात झोपू लागली, शाळेचे वर्ग उघड्यावर भरू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेची माणसं यंत्रं घेऊन आली. एक मोठा भूकंप होऊन संपण्याऐवजी लहान लहान धक्क्यांची अशी रांग लागते, तिला भूकंपमालिका म्हणतात. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं आणि तिथला दाब बदलतो, हे तिचं एक कारण शास्त्रज्ञांनी मांडलं.

धक्क्यांची नोंद झाली, तडकलेल्या भिंतींचे पंचनामे झाले. माणसांच्या आत जे हललं, त्याचा पंचनामा कोणी केला नाही. मला इथे त्याबद्दल लिहायचं आहे.

आमची मसोली डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाताना लागते. धुंदलवाडीच्या मानाने आम्हाला धक्के कमी जाणवले. तरी त्या हिवाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, "आत्ता हललं का?" बऱ्याचदा काहीच हललेलं नसायचं. खात्री करायला लोक टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवायचे आणि त्यातल्या पाण्याकडे बघायचे. पाणी स्थिर असायचं, पाय मात्र सांगायचे की जमीन डोलते आहे. ओळखीच्या एका बाईंनी तेव्हा जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "घर माझंच आहे, भांडी माझीच आहेत, पण कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी वाटतात. मी भाकरी थापते आणि भाकरी थापणारी कुणी दुसरीच आहे असं बघत बसते. मुलगा हाक मारतो ती लांबून येते. मला वेड तर लागत नाही ना?"

जपानमध्ये 2011 च्या मोठ्या भूकंपानंतर असंख्य लोकांना जमीन स्थिर असतानाही ती हलल्याचा भास होत होता. तिथे त्याला 'जिशिन-योई', म्हणजे भूकंपाची गरगर, असं नावच आहे. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि सतत दक्ष राहिलेलं मन, दोन्ही त्याला कारणीभूत ठरतात. पण त्या बाईंची तक्रार जमीन हलण्याच्या पुढची होती. त्यांच्यासाठी रोजचं जगणंच स्वप्नासारखं झालं होतं.

ही अवस्था अनुभवायला भूकंप लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत जागरणं केलेला विद्यार्थी, आयसीयूतून घरी परतलेला माणूस, बाळंतपणानंतर कित्येक रात्री धड न झोपलेली आई, घरात मृत्यू झाल्यावर पाहुण्यांना चहा देत फिरणारा थोरला मुलगा, गांजाचे दोन झुरके घेऊन घाबरलेला कॉलेजातला पोरगा, यांच्यापैकी कोणालाही ती गाठते. जग काचेपलीकडे गेल्यासारखं वाटतं. रंग फिके, आवाज लांबचे, वेळ एक तर थांबलेला नाही तर सुसाट. रस्त्यावरची माणसं नाटकातल्या पात्रांसारखी दिसतात. आईचा चेहरा ओळखू येतो, पण त्यासोबत जे वाटायला हवं ते वाटत नाही. अनेकांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी हा अनुभव काही क्षण येतो आणि जातो. शंभरात साधारण एकाला तो चिकटून बसतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि त्या वयात तो कोणाला सांगावा हेच कळत नाही.

अल्बर्ट हाइम नावाचे एक स्विस भूवैज्ञानिक होते. आल्प्समध्ये कड्यावरून पडून ते वाचले. नंतर त्यांनी असेच पडून वाचलेल्या गिर्यारोहकांच्या हकिकती गोळा केल्या आणि 1892 मध्ये प्रसिद्ध केल्या. पडताना भीतीने गाळण उडाली असेल असं आपण समजतो. पण बहुतेकांनी वेगळंच सांगितलं होतं. वेळ लांबल्यासारखा वाटला, मन विलक्षण शांत होतं, जणू दुसऱ्याच कोणाला पडताना आपण बघत होतो. पुढे 1970 च्या दशकात रसेल नॉयेस आणि रॉय क्लेटी यांनी अपघातांतून वाचलेल्यांकडून असेच अनुभव नोंदवले. संकट हाताबाहेर गेलं की मेंदू भावनेचा आवाज कमी करतो, म्हणजे डोकं चालतं राहतं आणि जीव वाचवायला वेळ मिळतो. ही आपल्या शरीराची जुनी, कामाची सोय आहे. घोटाळा होतो तो संकट टळल्यावरही आवाज कमीच राहतो तेव्हा. किंवा आमच्याकडे झालं तसं, संकट टळलं की नाही हेच महिनोन्‌महिने कळत नाही तेव्हा.

या अनुभवात माणसाची समज शाबूत असते. त्या बाईंना भांडी मांडून ठेवल्यासारखी 'वाटत' होती, ती खरोखर कोणी मांडली आहेत असं त्या म्हणत नव्हत्या. वेड लागल्याची भीती त्यांना वाटत होती आणि ते वेड नव्हतं. हे एवढं कोणी वेळेवर सांगितलं तरी माणूस निम्मा सावरतो. नाही सांगितलं तर तो दिवसभर स्वतःला तपासत बसतो. आता खरं वाटतंय का? आता? हा हात माझाच ना? पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहावं तसं तो स्वतःच्या मनाकडे बघत राहतो. लंडनच्या मानसतज्ज्ञ एलेन हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलं ते हेच: अनुभवाचा भयंकर अर्थ लावणं आणि सतत चाचपणी करणं यांमुळे तो अनुभव टिकून राहतो.

आता आपल्या घरांत काय होतं ते सांगतो. एखाद्या पोराने धीर करून सांगितलं की सगळं स्वप्नासारखं वाटतंय, तर एखादे काका हमखास म्हणतात, "अरे, सगळी मायाच आहे. संतांनी हेच सांगितलंय." काही घरांत तर पोराला लवकर वैराग्य आलं म्हणून कौतुक होतं. मला हे क्रूर वाटतं. ज्याच्या पायाखालची जमीन गेली आहे, त्याला जमीन नसतेच असं सांगणं हा दिलासा नव्हे. शिवाय ते आपल्या परंपरेलाही धरून नाही.

मायावादाचा दाखला देताना शंकराचार्यांचं नाव पुढे केलं जातं. पण ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, असं स्पष्ट सांगणारं सूत्र आहे आणि त्यावर भाष्य करताना आचार्य त्याच बाजूने भांडतात. स्वप्नात पाहिलेलं जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणी पाहिलेला खांब मात्र तसा कुठल्याच अवस्थेत खोटा ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. उदाहरणाला त्यांनी घेतलाय तो खांबच. ब्रह्मज्ञानाच्या पातळीवर त्यांचं म्हणणं वेगळं आहे हे खरं, पण रोजच्या व्यवहाराला त्यांनी स्वप्न ठरवलेलं नाही.

आणि आपले ज्ञानदेव तर आणखी पुढे गेले. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर त्यांनी 'अमृतानुभव' रचला. त्यातलं सातवं, सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानाच्या कल्पनेचं खंडन करण्यासाठी खर्ची घातलं आहे. जग अज्ञानातून उपजलेला भ्रम आहे हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या लेखी जग हा चैतन्याचा विलास आहे. समाजाने ज्या पोराला वाळीत टाकलं, ज्याच्या आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याचं परंपरा सांगते, त्याने हे लिहिलं आहे. जगाकडे पाठ फिरवायला त्याच्याकडे भरपूर कारणं होती. त्याने पाठ फिरवली नाही.

आमच्या भागात दुसरी वाट भगताकडे जाते. मी तिची थट्टा करणार नाही. पाड्यावरचा भगत घरातल्या सगळ्यांना बसवून ऐकून घेतो, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतो. एवढा वेळ त्याला दुसरं कोण देतं? पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण, मिरचीची धुरी हे सुरू झालं तर तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि आधीच हबकलेलं मन त्याने आणखी खोल जातं. जुन्या माणसांकडे याहून शहाणी एक गोष्ट होती: चकवा. रात्री ओळखीच्या माळावर वाट अनोळखी होते आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. अशा वेळी धावायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं, जमिनीला हात लावायचा आणि उजाडायची वाट बघायची, असं ते सांगत. जग खोटं वाटू लागलेल्या माणसाला आजचा समुपदेशक जवळजवळ हेच सांगतो.

म्हणजे नेमकं काय करायचं? वाद घालायचा नाही. हे खरं आहे का, या प्रश्नाला डोक्यात उत्तर सापडत नाही, त्यामुळे तो सुटायची वाट न बघता हातातल्या कामाला लागायचं. थंड पाण्यात मनगटं बुडवावीत. अनवाणी चालावं. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत. चिंचणी-डहाणूकडे दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, कोरणारे कारागीर आहेत. पोलादावर हत्यार किती दाबायचं हे बोटांनाच कळतं, मन भरकटलं तर नक्षी बिघडते. असं काम ज्यांच्या हाताला आहे त्यांनी ते सोडू नये. आमच्या वारली शेजाऱ्यांच्या तारपा नाचात एकमेकांच्या कमरेला हात घालून, जमिनीवर एका ठेक्यात पाय टाकत सगळे फेर धरतात. तो नाच औषध म्हणून जन्मलेला नाही आणि तसा तो खपवूही नये. पण शेजाऱ्याच्या देहाची ऊब आणि पायाखालची माती एकाच वेळी जाणवत असताना काच पातळ होत असेल, असं मला वाटतं.

झोपेबद्दल मात्र हयगय नको. 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून इथली पोरंपोरी पहाटेची गाडी पकडून मुंबईला नोकरीला जातात आणि रात्री परततात. चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. चार-पाच तासांच्या झोपेवर वर्षं काढणाऱ्याला एके दिवशी फलाट सिनेमातल्यासारखा दिसू लागला तर त्याने भुताखेताचा किंवा तत्त्वज्ञानाचा विचार करण्याआधी आठवडाभर पुरेसं झोपून बघावं. गांजा, दारू बंद. चहाही बेताने.

घरच्यांनी "काय वेड्यासारखं बोलतोस" हे वाक्य टाळावं. शेजारी बसावं, जेवायला वाढावं, बाजारात सोबत न्यावं आणि "आता बरं वाटतंय का?" हे दर तासाला विचारू नये. त्या बाईंचंही असंच सुधारलं. आधी झोप आली, मग त्यांनी पेला भरून ठेवणं सोडलं. बऱ्याच दिवसांनी एकदा भाजी निवडताना त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण स्वतःकडे बघितलेलंच नाही.

सगळ्यांचं असं आपोआप सुधारत नाही. हा अनुभव काही आठवडे हटला नाही, सोबत मन खचत गेलं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच. नेमकं याच त्रासावरचं हमखास औषध नाही, पण त्यासोबतची चिंता आणि नैराश्य यांवर उपचार आहेत आणि बोलण्याच्या उपचारांनीही फरक पडतो. शुद्ध हरपणं, अंगाला झटके येणं, मधला काळ अजिबात न आठवणं अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टरकडून मेंदूची तपासणी करून घ्यावी, कारण अपस्मारातही जग असंच परकं वाटू शकतं. ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर घरात, वर्गात, तंबूत, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे लिहून ठेवा.