पुढे पाठवणाऱ्याची साक्ष

पेरणी तोंडावर आली की अकोला-अमरावतीकडच्या गावांत मोबाइलला उसंत नसते. कोणतं ॲप बॅटरी खातं, कोणत्या लिंकवर अनुदान मिळतं, सोयाबीनवर काय फवारायचं. ‘शेतकरी बंधूंनो’ अशी सुरुवात, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली ते ठासून सांगितलेलं. जमीन कोणती, पीक किती दिवसांचं, सांगणारा कोण, याचा पत्ता नाही. तरी ‘कामाचं आहे भाऊ’ म्हणत मेसेज चार ग्रुपवर जातो.

पाठवणाऱ्याचं मन साफ असतं, आणि प्रश्न तिथेच अवघड होतो. न्यायदर्शनाने विश्वासू माणसाच्या शब्दाला ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं. विश्वासू कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो, ज्याला गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी असो की म्लेंच्छ, कसोटी एकच. हे फार धाडसाचं म्हणणं होतं. ग्रुपवरच्या भल्या माणसाकडे ती इच्छा असते, प्रत्यक्ष ज्ञान नसतं.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा मारहाण करून जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. अशा अफवा तेव्हा फोनवरून फिरत होत्या, आणि पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना आपण लेकरं वाचवतोय असंच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने वेग कमी झाला. पाठवणाऱ्याने शहानिशा करावी, ही सोय त्यात नव्हती.

अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबाही मडकं नि काठी घेऊन, राईनपाड्यातल्या त्या पाच जणांसारखेच, अनोळखी गावांत शिरत. त्यांच्या 1956 सालच्या, मुंबईतल्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बाबा वऱ्हाडी वळणाच्या बोलीत विचारतात, थांबतात, श्रोते एका सुरात उत्तर देतात. त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली समजूत माणसाला तिथे स्वतःच्या तोंडाने तपासावी लागते. श्रद्धेला याने धक्का लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे कीर्तन जरूर ऐकावं. देवाचं नाव त्यात सतत आहे.

वडीलधाऱ्यांना उलट विचारणं गावात जड जातं, म्हणून प्रश्न राहून जातो. ‘काका, हे तुम्ही सोता मारून पाह्यलं काय? कोन्त्या वावरात?’ काका म्हणतील, ‘नाही रे, आलं तसं पाठोलं.’ एवढं कळलं तरी फवारणीआधी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस पाहायची की नाही, हे ज्याला त्याला ठरवता येतं.