ते आपल्या कार्यक्रमांना येतात का?



मागच्या हिवाळ्यात आपल्यापैकी काही जणांची झूमवर बैठक झाली. विषय होता भीमजयंतीच्या हॉलचा. शेवटी एका ताईंनी सांगितलं, की इथे वेस्ट विंडसरमध्येच राहणाऱ्या आपल्या एका बांधवाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आहे. केमो सुरू झाली आहे, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. क्षणभर सगळे गप्प झाले. मग कोणीतरी विचारलं, "ते आपल्या कार्यक्रमांना येतात का?"

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ओळख पटावी म्हणूनच विचारलं असेल. पण उत्तर 'नाही' होतं आणि त्यानंतर चर्चा आपोआप थंडावली. वर्गणी नाही, जयंतीला हजेरी नाही, वर्षावासाच्या ऑनलाइन प्रवचनांनाही नाही. मी त्या रात्री त्यांना मेसेज केला, 'काही लागलं तर नक्की सांगा.' हात जोडलेला इमोजी परत आला आणि माझ्या लेखी विषय संपला. पुढचे तीन आठवडे प्रिन्स्टन जंक्शनला ट्रेन पकडायला जाताना मी रोज त्यांच्या गल्लीसमोरून जात होतो.

जो संघाच्या उपयोगी पडला नाही, त्याची शुश्रूषा संघाने का करावी? हा प्रश्न कानाला कठोर वाटतो, पण आपण तो मनात विचारतोच. आणि तो जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदाला बरोबर घेऊन विहारांत फेरी मारताना तथागत तिथे पोचले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो. त्यालाही तो हिशेब पटलेला आहे.

तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून मंचकावर निजवलं. ही गोष्ट आपण प्रवचनात इथपर्यंत सांगतो आणि करुणेवर बोलून थांबतो. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तथागतांनी संघ बोलावला आणि नियम घालून दिला. आजाऱ्याला उपज्झाय असेल तर तो बरा होईपर्यंत उपज्झायाने पाहावं. तो नसेल तर आचार्याने, तोही नसेल तर शिष्याने, मग गुरुबंधूने. यांपैकी कोणीच नसेल तर सगळ्या संघाने. आणि पाहिलं नाही तर तो दोष. आम्ही आयटीतले लोक हे लगेच ओळखू. सर्व्हर रात्री दोनला पडला तर पहिला फोन कोणाला, त्याने नाही उचलला तर दुसरा कोणाला, हे आमच्याकडे आधी ठरलेलं असतं. त्या विहारात करुणा नव्हती असं मला वाटत नाही. आज पाळी कोणाची, हे ठरलेलं नव्हतं. माझ्या 'काही लागलं तर सांगा'मध्ये नेमकं हेच नव्हतं, आणि ठरवण्याचं काम मी ज्याला केमो चालू आहे त्याच्यावर टाकून मोकळा झालो होतो.

मी मोकळा व्हायला नको होतो, कारण मी दुसऱ्या बाजूलाही राहिलो आहे. 2014 मध्ये नागपूरला माझ्या बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला. मी इथे होतो. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. उत्तर नागपुरातून मानेवाड्यापर्यंत त्यांना रोज कोण नेणार? वस्तीतल्या विहारात बसणाऱ्या दोन पोरांनी नेलं, आळीपाळीने, स्कूटरवर. बाबांनी त्यांच्यासाठी कधी काही केलं नव्हतं. उलट जयंतीच्या डीजेवरून दरवर्षी त्यांच्यावर ओरडायचे.

त्याच काळात भेटायला येणारे नातेवाईक एक वाक्य हमखास बोलायचे, "खर्रा खात होते ना?" खात होते. तंबाखूने कॅन्सर होतो, नुसत्या सुपारीनेही होतो, हे खरंच आहे, आणि विदर्भातल्या पोरांना ते ओरडून सांगायलाच हवं. पण ते त्यांना आजारी पडण्याआधी सांगायचं. तोंडात फोड आलेल्या, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येणाऱ्या माणसाला ते सांगण्यात काय साधतं? साधतं एवढंच, की सांगणारा मोकळा होतो. आपण गेल्या जन्मीचं कर्म मानत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. पण 'खर्रा खात होते ना'मध्ये तेच कर्म मागच्या दाराने आत येतं. मोळियसीवक परिव्राजकाने विचारलं तेव्हा तथागतांनी वेदनेची आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी ती यादी आहे, आणि कर्मविपाक हे त्यांतलं फक्त एक. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वकर्माच्या सिद्धांतावर बोट ठेवलं ते याच ठिकाणी: गरिबाच्या दुर्दशेची जबाबदारी समाजाला टाळता यावी, एवढाच त्याचा उपयोग. आजाऱ्याच्या बाबतीतही उपयोग तोच आहे.

आता धीर देण्याबद्दल. आपण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतो. अंगुत्तर निकायातली नकुलमाता असं म्हणत नाही. नवरा गंभीर आजारी आहे आणि त्याच्या मनाला घोर लागला आहे हे तिला दिसतं. ती आधी काय सांगते? मला सूत काततं येतं, लोकर विंचरता येते, तुमच्या मागे मी मुलं वाढवीन, घर चालवीन. धम्मातल्या श्रद्धेचं ती नंतर बोलते. पहिला धीर मिळकतीचा आणि मुलांचा आहे.

वेस्ट विंडसरमधल्या नकुलपित्याचा घोर कसला असतो? एच-वन-बी वरची नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस. आरोग्यविमा त्याच नोकरीला बांधलेला. म्हणून कितीतरी जण ऑफिसात सांगतच नाहीत, आणि बातमी फुटेल म्हणून आपल्यालाही सांगत नाहीत. त्यांना प्रवचनाआधी कोणीतरी शेजारी बसून कागद समजावून द्यायला हवेत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत वर्षभर पुरेसे तास काम केलेलं असेल, तर फेडरल कायद्याने 12 आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखणारी रजा मिळते. न्यू जर्सीत आजाऱ्याला स्वतःसाठी टेम्पररी डिसॅबिलिटीचे पैसे 26 आठवड्यांपर्यंत मिळू शकतात आणि काळजी घेणाऱ्या जोडीदाराला फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून 12 आठवड्यांपर्यंत. दोन्हींसाठी आपल्याच पगारातून पैसे कापले जातात, तरी आपल्यातल्या अनेकांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात मी शेवटी त्यांच्या दारात उभा राहिलो. बिर्याणी घेऊन गेलो होतो. वहिनींनी डबा घेतला, पण वासानेच दादा आत निघून गेले. शुश्रूषा करणाऱ्याला आजाऱ्यासाठी योग्य काय आणि अयोग्य काय हे कळलं पाहिजे, हेही महावग्गातल्या त्याच प्रकरणात आहे. मला ते बिर्याणीने शिकवलं. थंड दहीभात चालतो. स्टीलच्या चमच्याने तोंडाला लोखंडाची चव येते, प्लॅस्टिकचा बरा. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, त्या दिवसांत सर्दी झालेली मुलं घेऊन भेटायला जाणं म्हणजे प्रेम नव्हे. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन.

त्याच प्रकरणात आजाऱ्याचीही कर्तव्यं सांगितली आहेत: औषध घ्यावं आणि दुखणं वाढलं की कमी झालं ते खरं सांगावं. म्हणजे लपवण्याची सवय एकट्या आजाऱ्याने सोडून भागत नाही, ऐकणाऱ्यांनीही पोटात ठेवायला शिकलं पाहिजे. दादांनी पहिली अट तीच घातली: व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव नको. म्हणून आमची यादी चौघांचीच आहे. एका मित्राने चेष्टा केली, "करुणेची एक्सेल शीट काढली का?" हो, काढली. त्यात मुलांना शाळेतून आणण्याचे वार आहेत, विमा कंपनीला फोन करण्याचं काम एकाकडे आहे, आणि दर रविवारी दुपारचे तीन तास वहिनींसाठी मोकळे आहेत. त्या वेळेत त्या काय करतात ते विचारायचं नाही, असं ठरलं आहे.

हा रकाना माझ्या पत्नीने घातला. काळजी घेणाऱ्याचं कोणी बघत नाही, असं ती म्हणाली आणि मला माईसाहेब आठवल्या. बाबासाहेबांनी 15 मार्च 1956 च्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, की डॉ. मालवणकर आणि आपली पत्नी या दोन डॉक्टरांच्या शुश्रूषेमुळेच आपण हा ग्रंथ पुरा करू शकलो. 1957 मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

गुरुवार माझा असतो. सकाळी साडेसातला दादांना घेतो, रूट वनवरून प्लेन्सबरोच्या हॉस्पिटलला सोडतो आणि लॅपटॉप उघडून खाली बसतो. गाडीत फार बोलणं होत नाही. ते कार्यक्रमांना का येत नाहीत, हे मी विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त काच खाली करायला सांगितली, कपहोल्डरमधल्या माझ्या कॉफीचा वास सहन होत नव्हता. आता कॉफी मी घरूनच पिऊन निघतो.