सातवी डिस्क

जॉन कोल्ट्रेनचा एकच बॉक्स सेट ठेवायचा आणि बाकीचे देऊन टाकायचे, असं ठरलं तर कुठला ठेवायचा? जॅझच्या वेडात पडलेल्या लोकांमध्ये हा प्रश्न गप्पांच्या ओघात कधी ना कधी येतोच. मग कोण डिस्क मोजतं, कोण आवाजाच्या दर्जाबद्दल बोलतं, कोण सोबतच्या पुस्तिकेबद्दल. प्रश्न वरवर आवडीनिवडीचा आहे. पण माझ्या मते त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सोडवल्याशिवाय आवडता सेट निवडता येत नाही.

ज्यांचं संगीत ऐकणं स्ट्रीमिंगपासूनच सुरू झालं त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बॉक्स सेट म्हणजे एखाद्या कलाकाराचं एका कंपनीसाठी केलेलं किंवा एका काळातलं सगळं काम एका खोक्यात. कोल्ट्रेन हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक. जन्म १९२६, मृत्यू १९६७. जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य. त्यातलं महत्त्वाचं बरंचसं ध्वनिमुद्रण शेवटच्या बारा वर्षांतलं. तरी खोकी किती? प्रेस्टीज कंपनीसाठी वाजवलेल्याचा सेट १६ डिस्कचा. ॲटलांटिकचा सेट, 'द हेवीवेट चॅम्पियन', १९९५ साली आला, ७ डिस्क. १९६१मधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या मैफिलींचा ४ डिस्कचा. इम्पल्स कंपनीच्या स्टुडिओतला ८ डिस्कचा. यातल्या बहुतेकांच्या नावात एक शब्द हमखास असतो : 'कम्प्लीट'. संपूर्ण.

मला अडतं ते याच शब्दापाशी. संपूर्ण कुणाच्या हिशेबाने?

'जायंट स्टेप्स' हा कोल्ट्रेनचा १९६०मध्ये आलेला अल्बम. सात ट्यून्स, साधारण ३७ मिनिटं. कोल्ट्रेन हयात असताना जगासमोर गेलं ते एवढं. त्याच काळात स्टुडिओत इतरही टेक्स झाले होते. काही मध्येच तुटलेले, काही पूर्ण होऊनही बाजूला ठेवलेले. बॉक्स सेटमध्ये तेही येतात. ज्याने वाजवलं तो माणूस 'हे लावा' किंवा 'हे लावू नका' म्हणायला उरलेला नाही.

माझ्या व्यवसायातला माणूस या प्रश्नाकडे कसा बघेल ते सांगतो. आम्ही कोड लिहितो तेव्हा गिटमध्ये प्रत्येक टप्प्याची नोंद राहते. कुठल्याही टीमचा इतिहास उघडा. 'फिक्स', 'फिक्स पुन्हा', 'आता तरी चाल बाबा' अशा नोंदींची रांग दिसेल. काम मुख्य शाखेत घालण्याआधी बरेच जण ही रांग दाबून तिची एकच सभ्य नोंद करतात. त्यात लबाडी नाही. चाचपडणं हे ज्याचं त्याचं खाजगी काम असतं आणि जगाला द्यायची ती पूर्ण झालेली वस्तू, इतकाच त्याचा अर्थ. उद्या तुमच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी कुणी ती मूळ रांग छापून, छान बांधून, तुमच्याच नावाने विकली, तर?

या न्यायाने बघितलं तर उत्तर सोपं आहे. व्हिलेज व्हॅनगार्डचा सेट घ्यावा. न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये तळघरातला हा लहानसा क्लब. नोव्हेंबर १९६१मध्ये कोल्ट्रेन तिथे वाजवत होता, सोबत एरिक डॉल्फी, मॅकॉय टायनर, एल्विन जोन्स यांच्यासारखे वादक. चार रात्रींचं मुद्रण झालं. १९६२मध्ये आलेल्या रेकॉर्डवर त्यातल्या फक्त तीन ट्यून्स होत्या. १९९७च्या सेटमध्ये २२ वादनं आहेत. 'इंडिया' नावाची ट्यून चार वेळा येते आणि चारही वेळा वेगळी. आपल्या संगीताबद्दल कोल्ट्रेनला मनापासून ओढ होती. रविशंकरांशी त्याची ओळख होती आणि १९६५मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्याने त्यांच्यावरून रवी ठेवलं. आपल्या कानांना तर हा सेट लगेच जवळचा वाटतो. एकच राग चार रात्री चार तऱ्हांनी मांडला, तर त्यातली कुठली मांडणी 'खरी' असं आपण विचारतच नाही.

शिवाय नैतिकदृष्ट्याही हा सेट स्वच्छ. त्या २२ही वादनांच्या वेळी समोर माणसं बसलेली होती. कोल्ट्रेनने ते लोकांसमोरच वाजवलं होतं. चारचौघांत बोललेलं चारचौघांपर्यंत पोचलं, यात कुणाचा विश्वासघात झाला नाही.

तरीही मी हा सेट ठेवणार नाही. त्याचं कारण कोल्ट्रेन नाही, टॉमी फ्लॅनगन आहे.

५ मे १९५९. 'जायंट स्टेप्स' या शीर्षक-ट्यूनचं मुद्रण. पियानोवर फ्लॅनगन. ही ट्यून अवघड का, हे आपल्या भाषेत सांगायचं तर : आपल्याकडे षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे षड्ज एका जागी राहतच नाही. तो तीन ठिकाणी फिरत राहतो, आणि एकेका ठिकाणी जेमतेम टेकून पुढे सरकतो. १६ बारचं एक आवर्तन, त्यात २६ कॉर्ड. लय इतकी जलद की अख्खं आवर्तन साधारण १३ सेकंदांत संपतं. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला पायाखालची जमीन बदलते, आणि त्या अर्ध्या सेकंदात तुम्हाला काहीतरी सुचायला हवं. नुसतं बरोबर असून भागत नाही, ते ऐकावंसंही वाटलं पाहिजे.

ही वाट कोल्ट्रेनने स्वतः आखलेली होती आणि तिच्यावर तो भरपूर चाललेला होता. त्याचा सोलो म्हणजे अखंड धबधबा. मग पियानोची पाळी येते. फ्लॅनगन तुटक तुटक वाक्यं वाजवतो, मध्येच थांबतो, मागे पडतो, शेवटी नुसत्या कॉर्डचा आधार घेतो. कोल्ट्रेन पुन्हा येतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात वाजवून ट्यून संपवतो.

हाच टेक रेकॉर्डवर गेला आणि अजरामर झाला.

फ्लॅनगन कच्चा वादक नव्हता. १९५६च्या सॉनी रोलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'वर पियानो त्याचाच. पुढे एला फिट्झजेराल्डला त्याने वर्षानुवर्षं साथ केली. त्याच्या बोटांतली नजाकत जॅझमध्ये आदराने सांगितली जाते. पण यूट्यूबवर 'जायंट स्टेप्स' समजावून सांगणारा कुठलाही व्हिडिओ लावा. ट्यून किती कठीण आहे हे दाखवायला बहुतेक वेळा त्याच सोलोकडे बोट दाखवलं जातं : बघा, हा इथे हरवला. एक मिनिटसुद्धा न भरणारं ते वादन माणसाच्या अख्ख्या कारकिर्दीवर डागासारखं बसलंय.

आता मघाचा न्याय पुन्हा तपासून बघा. कलाकाराने जे निवडलं तेवढंच जगाचं, बाकी त्याचं खाजगी. पण 'कलाकार' म्हणजे कोण? रेकॉर्डवर चार माणसं वाजवतात, नाव मोठ्या अक्षरात एकाचं असतं. साथीला आलेल्या वादकाला त्या सत्राचे पैसे मिळतात. कुठला टेक बाहेर जाईल हे ठरवणं सहसा त्याच्या हातात नसतं. म्हणजे ज्याला आपण कलाकाराची पवित्र निवड म्हणतो, ती एका माणसाची उत्तम कामगिरी आणि दुसऱ्या माणसाची फजिती, दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवणारी निवड होती. कोल्ट्रेनचे तुटके टेक्स झाकलेले राहावेत हा त्याचा हक्क आपण मान्य करतो. फ्लॅनगनला तो हक्क मिळालाच नव्हता.

आणि इथे ती सातवी डिस्क येते.

'हेवीवेट चॅम्पियन'च्या पहिल्या सहा डिस्कवर ॲटलांटिकसाठीचं १९५९ ते १९६१चं काम आहे. सातवीवर उरलंसुरलं : बाजूला ठेवलेले टेक्स, अर्ध्यावर थांबलेल्या सुरुवाती. त्यात 'जायंट स्टेप्स'चे प्रयत्न आहेत, आणि ते फ्लॅनगनच्या सत्राच्या काही आठवडे आधीचे आहेत. पियानोवर सिडर वॉल्टन. त्या सत्राचे काही टेक्स १९७५मध्ये 'अल्टरनेट टेक्स' नावाच्या रेकॉर्डवरही आले होते. वॉल्टनसुद्धा पुढे मोठा झालेला वादक. तो या ट्यूनमध्ये साथ करतो, कॉर्ड देत राहतो, पण सोलो घेतच नाही.

ही गोष्ट कळली की फ्लॅनगनचं ते मिनिट वेगळं ऐकू येतं. ज्या वाटेवर दुसरा एक उत्तम वादक सोलोसाठी उतरलाच नाही, त्या वाटेवर फ्लॅनगन उतरला. पडला, पण उतरला होता. खुद्द कोल्ट्रेनही तिथे चाचपडताना ऐकू येतो. सुरुवात होते, थांबते, पुन्हा होते. रेकॉर्डवरचा तो धबधबा काही आकाशातून पडला नव्हता, वरून कुणीतरी पाट खणत आणला होता. एका माणसाला खणायला वेळ मिळाला होता आणि दुसऱ्याला नाही, एवढाच दोघांमधला फरक. नुसता अल्बम ऐकून हा फरक कळत नाही. अल्बम ऐकून एवढंच वाटतं की एक जण अलौकिक आहे आणि दुसरा कमी पडला.

पूर्ण झालेली वस्तू फक्त चाचपडणं लपवत नाही. अवघडपणाचा भार कुणाच्या वाट्याला किती आला होता, हेही ती लपवते. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. प्रॉडक्ट बाहेर पडलं की ते एका नावाने ओळखलं जातं. रात्री तीन वाजता सर्व्हर कोसळला तेव्हा ज्याला फोन गेला, त्याची चूक तेवढी सगळ्यांना ठाऊक असते. मागचा इतिहास उघडला तर दिसतं, की ती फाइल आधी दोघांनी उघडून तशीच बंद केली होती. जुन्या नोंदी वाचणं हे अशा वेळी डोकावणं नसतं. ती साक्ष असते.

अर्थात यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. एकाला न्याय मिळावा म्हणून दुसऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचे कच्चे टेक्स उघडे करायचे? उद्या एखाद्या टेपवर कुणाची आणखी वाईट फजिती निघाली तर तीही विकायची? शिवाय हा 'संपूर्ण' संच खरोखर संपूर्ण नसतोच. १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथे ॲटलांटिकच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीच्या अप्रकाशित टेप्सचा मोठा साठा जळून गेला. जे उरलं ते उरलं म्हणून आपल्याला ऐकू येतं. वॉल्टनचं सत्र जळालं असतं तर फ्लॅनगनच्या बाजूची साक्षही गेली असती. अशा योगायोगावर न्यायाची इमारत बांधायची का?

माझं उत्तर असं, की कच्चं काम बाहेर आणण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो मिळतो तेव्हा अटींसह मिळतो. पहिली अट : ते वेगळं ठेवायचं. दुसरी : ते काय आहे हे स्पष्ट सांगायचं. तिसरी अट ऐकणाऱ्यावर आहे. आधी पूर्ण झालेलं काम ऐकायचं, आणि मग हे, न्याय करायला नाही तर समजून घ्यायला. सातवी डिस्क पहिल्या दोन अटी पाळते. ती शेवटी आहे, स्वतंत्र आहे. फोनवर मात्र हे सगळं सपाट होतं. अल्बमची शेवटची ट्यून संपते न संपते तोच तिचाच टाकून दिलेला टेक आपोआप सुरू होतो. 'अल्टरनेट' हा शब्द शीर्षकाच्या शेपटाला असतो, आणि लहान स्क्रीनवर तो बहुतेकदा दिसतही नाही. त्यामुळे तिसरी अट आता पूर्वीपेक्षा जड झाली आहे. आपल्यासाठी ती दुसरं कुणी पाळणार नाही. ऑटोप्ले आपल्यालाच थांबवावा लागतो.

तर मी ठेवीन तो सेट हा, सात डिस्कचा. व्हॅनगार्डचा सेट जास्त आनंद देतो, हे मान्य. त्या रात्री ऐकताना मनात कुठलाच सल राहत नाही. पण आवडता म्हणून मला असा सेट हवा, जो ऐकल्यावर माणसांबद्दलचं माझं मत थोडं बदलतं.

या सेटला एकच जोड लागते, आणि ती खोक्यात नाही. १९८२मध्ये, कोल्ट्रेन जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, टॉमी फ्लॅनगनने त्याच्या स्मृतीला वाहिलेला एक अल्बम केला. पियानो, बास आणि ड्रम्स, एवढेच तिघे. सॅक्सोफोन नाही. अल्बमचं नाव 'जायंट स्टेप्स'. तेवीस वर्षांनी तो त्याच वाटेवर परत आला होता, आणि या वेळी कुठला टेक लावायचा तो अल्बम त्याच्याच नावाचा होता. तीच ट्यून तो तिथे वाजवतो. स्वच्छ, मोकळी, कसलीही घाई न दाखवता. सातवी डिस्क संपली की ते लावा. आधी नको.