न दिलेले घेऊ नये : एका नकाशाची गोष्ट



पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात दर रविवारी हात जोडून ग्रहण करतो. नुकत्याच धम्मात आलेल्या घरांतून मला पुष्कळदा विचारले जाते, "गुरुजी, आम्ही कष्ट करून खाणारी माणसे. कुणाच्या दाराचे कुलूप आम्ही कधी फोडले नाही. मग हे शील आम्ही पुन्हा पुन्हा कशासाठी म्हणायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर त्या शीलाच्या शब्दातच आहे. तिथला शब्द आहे 'अदिन्नादान'. अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. जे आपल्याला कुणी दिलेले नाही ते घेऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. कुलूप फोडणे हा त्याचा एक प्रकार झाला. कुलूप नसलेल्या ठिकाणीही हे शील मोडते. ते कसे, हे आज एका नकाशाच्या उदाहरणाने सांगतो.

इंग्लंडमध्ये २००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचे काम सुरू केले. त्या देशातले सरकारी नकाशे उत्तम होते. पण त्यांची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत आणि कडक अटी पाळाव्या लागत. तेव्हा लोकांचा नकाशा लोकांनीच करावा, असा विचार पुढे आला. कुणी पायी, कुणी सायकलवर, जवळ जीपीएस यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरले. रस्त्याचे नाव, पूल, शाळा, दवाखाना टिपून घेतला आणि घरी येऊन संगणकावर नोंदवला. दिवसभराची नोकरी करून, रात्रीचा वेळ काढून केलेले हे काम. त्या स्वयंसेवकांना कुणी पगार देत नव्हते. आज तिथे नाव नोंदवलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे.

या श्रमाचे मोल काय, ते हैतीने दाखवले. १२ जानेवारी २०१० रोजी त्या गरीब देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. मदत घेऊन आलेल्या पथकांजवळ शहराचा पुरेसा नकाशा नव्हता. तेव्हा जगभरातले हे स्वयंसेवक आपापल्या घरी बसले आणि उपग्रहाची छायाचित्रे पाहून एकेक रस्ता, एकेक गल्ली रेखाटू लागले. थोड्याच दिवसांत नकाशा उभा राहिला आणि मदतकार्यात तो वापरला गेला. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही, ज्यांची भाषाही त्यांना येत नव्हती, अशा माणसांसाठी त्यांनी झोप मोडली. यालाच आपण करुणा म्हणतो ना?

हा नकाशा ते सर्वांना देतात. कुणीही घ्यावा, छापावा, त्यावर धंदाही करावा. अटी मोजक्याच. नकाशा वापरणाऱ्याने तो ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा आहे, हे पाहणाऱ्याला कळेल असे लिहावे. आणि त्या माहितीत भर घालून ती पुढे दिली, तर तीही तशीच मोकळी ठेवावी. रुपया मागितलेला नाही. मागितली आहे ती ऋणनिर्देशाची एक ओळ.

आणि ही एक ओळसुद्धा जगातल्या एका धनाढ्य कंपनीकडून राहून गेली! मार्च २०१२ मध्ये ऍपल कंपनीने आपल्या फोनसाठी 'आयफोटो' नावाचे नवे साधन बाजारात आणले. त्यातला अमेरिकेबाहेरचा नकाशा पाहताच स्वयंसेवकांनी आपले रस्ते ओळखले. माहिती त्यांचीच होती, तीही सुमारे दोन वर्षांपूर्वीची. परंतु श्रेयाचा उल्लेख कुठेच नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपच्या मंडळींनी शिवीगाळ केली नाही. तुम्ही आमचा नकाशा घेतलात, तुमचे स्वागत आहे. पण श्रेयाची ओळ राहिली आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. सुमारे दोन महिन्यांनी निघालेल्या सुधारित आवृत्तीत तो उल्लेख आला.

आता तुम्ही म्हणाल, जे फुकट वाटले त्याची तक्रार कसली? बंधूंनो, इथेच 'अदिन्न' हा शब्द नीट समजून घ्या. त्यांनी नकाशा दिला, तो अटीसह दिला. ती अट त्या दानाचाच भाग आहे. अट वगळून घेतलेली वस्तू दिलेली वस्तू उरत नाही. विहिरीचे पाणी सर्वांना खुले आहे म्हणून 'ही विहीर मीच खोदली' असे म्हणण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही.

कुणी याहून बारीक शंका काढील : दान करणाऱ्याने नावाची हाव का धरावी? शंका योग्य आहे. परंतु नावाचा मोह सोडणे हे दात्याने स्वतः करायचे काम आहे. घेणाऱ्याने त्याच्या वतीने तो मोह सोडून टाकायचा, हा कुठला न्याय? शिवाय त्या ओळीत कुण्या एका व्यक्तीचे नाव नसतेच. 'योगदानकर्ते' हा एकच शब्द असतो. तो वाचणाऱ्याला सांगतो की, हा नकाशा तुझ्यासारख्या माणसांनी केला आहे, तो तुलाही मोकळा आहे आणि त्यातली चूक तूही दुरुस्त करू शकतोस. ओळ पुसली म्हणजे हे दार बंद होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तुमच्या वस्तीचे जुने नाव अशा नकाशावर तसेच राहिले असेल, तर ते तुम्ही स्वतः बदलू शकता. पण हा नकाशा कुणाचा, हेच कळले नाही, तर तुम्ही कुणाकडे जाणार?

मग ती कंपनी चोर ठरली काय? असा निकाल देण्याची घाई आपण करू नये. अदिन्नादानाची पाच अंगे परंपरेने सांगितली आहेत : वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असणे, चोरीचे चित्त असणे, त्यासाठी खटपट करणे आणि ती घेणे. दुसऱ्याच्या चित्तात काय होते, हे आपण पाहिलेले नाही. मात्र एकदा सांगितल्यावर 'ठाऊक नव्हते' ही सबब संपते. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, यावर त्याची परीक्षा होते.

ही परीक्षा माझीही झाली आहे. गेल्या वर्षी मी वर्गाच्या भिंतीसाठी एक नकाशा संगणकावरून उतरवून छापला. खालच्या कोपऱ्यातली बारीक ओळ मला खटकली, म्हणून मी ती कात्रीने कापून टाकली. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, हा नकाशा कोणी काढला?" माझ्याकडे उत्तर होते, पण ते मीच कचऱ्यात टाकले होते. माझे वडील बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राबले. त्यांनी विटा वाहिलेल्या इमारतींवर उद्घाटकांच्या नावांच्या कोनशिला आहेत. त्या दाखवताना वडिलांचा चेहरा कसा होई, ते मी लहानपणी पाहिले आहे. आणि त्याच बापाच्या मुलाने कात्री चालवली! त्या दिवशी मी ती ओळ हाताने लिहून नकाशाखाली चिकटवली आणि कापली का होती, तेही मुलांना सांगितले.

म्हणून माझी विनंती आहे. मोठ्या कंपन्यांना जाब अवश्य विचारा. त्याबरोबर आपल्या घरातही पाहा. मुलाने शाळेच्या प्रकल्पात चित्र उतरवले, तर ते कोणाचे हे त्याला लिहायला लावा. विहाराच्या स्मरणिकेत जयंतीच्या वर्गणीदारांची नावे छापाल, तेव्हा मंडप उभारणाऱ्या पोरांची आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांची नावेही छापा. ज्यांच्या श्रमाला पिढ्यान्‌पिढ्या नाव मिळाले नाही, त्यांनी तरी दुसऱ्याच्या श्रमावरचे नाव पुसू नये.

येत्या रविवारी दुसरे शील म्हणताना एवढे आठवा.

जय भीम!