पाच टक्क्यांचं घर

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसल्या आणि कामगाराच्या घराला जगायला निदान किती लागतं, याचा हिशेब ठरला. कमावणारा एक, त्याच्यासह घरातली खाणारी माणसं तीन प्रौढांइतकी धरायची. प्रौढामागे दिवसाला २,७०० उष्मांक. हे गणित आहारशास्त्रज्ञ डॉ. आयक्रॉइड यांचं. चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला वेतनाचा पाचवा हिस्सा. घरभाडं मात्र सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या लहानात लहान जागेचं असेल तेवढं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले.

मला या हिशेबाविषयी आजही आदर वाटतो. कामगाराच्या ताटात काय पडतं आणि अंगावर कापड किती, हे मोजण्याची जबाबदारी राज्याने अंगावर घेतली होती. पण त्यातल्या घरभाड्याच्या रकान्याचं पुढे काय झालं? २०१९ च्या वेतन संहितेखाली केंद्राने २०२० मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्यात घरभाडं म्हणजे अन्न आणि कपड्यांच्या खर्चाचे दहा टक्के, असं लिहिलं आहे. इंधन-वीज वगैरे वेतनाचे २० टक्के, शिक्षण-औषधं वगैरे २५ टक्के. उरलेल्या ५५ टक्क्यांत अन्न, वस्त्र आणि निवारा. आकडेमोड केली की अन्न-वस्त्राला ५० येतात आणि घराला ५. म्हणजे चोवीस हजार पगार असलेल्या माणसाने चौघांच्या डोक्यावरचं छप्पर महिना बाराशे रुपयांत शोधायचं. मुंबईत तर सोडाच, वसई-विरार किंवा दिव्यातही या पैशांत आज खोली मिळत नाही.

मग इतकी वर्षं कमी पगाराची माणसं या शहरात राहिली कशी? माझं उत्तर असं की पगाराने शहराचा खर्च कधीच भागवला नाही. पगार आणि खर्च यांतली दरी दुसऱ्या कुणीतरी भरली, आणि त्या दुसऱ्या कुणाचा हिशेब कोणत्याही परिषदेत मांडला गेला नाही.

गिरणगावाचंच घ्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस लालबाग-परळला आला की गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकायचा. एका खोलीत वीस-पंचवीस जण, वळकट्या भिंतीला, ट्रंका माळ्यावर. रात्रपाळीचे परतले की दिवसपाळीच्यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर झोपायचे. बायको-मुलं गावी. मनिऑर्डर जायची खरी, पण भात-नाचणी, गुरं, म्हाताऱ्यांची दुखणी, बाळंतपणं हे सगळं गावाकडची बाई निभावत होती. गिरणी एका माणसाचं पोट भरेल एवढं देत होती, आणि त्याचं कुटुंब शेती पोसत होती.

इकडे त्याच्या जेवणाचं काय? खानावळ. ती चालवणारी बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, पाळीप्रमाणे डबे भरले जायचे आणि पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तोवर वाण्याची उधारी तिची, सावकाराचं व्याजही तिचंच. याचा अर्थ नीट पाहावा. पगार होईपर्यंत कामगाराला उभं ठेवणारं खेळतं भांडवल ही बाई घालत होती, आणि तेही अंगावरचे दागिने गहाण टाकून. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे बँकांच्या वहीत त्यांची नोंद झाली. मुंबईच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना टाटा, पेटिट, वाडिया यांच्यानंतर लगेच खानावळवालीचं प्रकरण यायला हवं.

तिसरा आधार भाड्याचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. त्याचे वाईट परिणाम मी नाकारत नाही. मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा काळा व्यवहार वाढला, चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या आणि नव्याने येणाऱ्याला भाड्याची जागा मिळेनाशी झाली. तरी भोंगा ऐकून पायी कामावर जाता येईल अशा अंतरावर लाखो माणसं दोन पिढ्या राहिली, ती या कायद्यामुळेच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढची हकिकत वाचकांना ठाऊक आहे. गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर आणि मॉल आले, आणि कामगारांना हक्काच्या घरांसाठी अलीकडे मुंबईपासून दूरच्या शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला गेला. पण शहराला कमी पगाराची माणसं लागायची थांबली नाहीत. त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतींत फरशा पुसायला, गेटवर उभं राहायला, पार्सलं पोचवायला माणसं लागतातच.

अशीच एक बाई माझ्या ओळखीची आहे. लोअर परळच्या एका कार्यालयात कंत्राटदाराकडून हाउसकीपिंगला. हातात चौदा हजार येतात. नवरा बारा तासांच्या ड्युटीवर सिक्युरिटीत, त्याचे सतरा. म्हणजे दोघं मिळून एकतीस. तेवढ्यात दोन मुलं आणि गावी सासू. नालासोपाऱ्यात चाळीतली खोली सहा हजारांना, डिपॉझिट चाळीस हजार. ते भिशी उचलून भरलं. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक पाचशे वाढवतो किंवा खोली रिकामी करा म्हणतो. मग पुन्हा एजंटाला एक महिन्याचं भाडं, टेम्पोचं भाडं, मुलांच्या शाळेचा प्रश्न. घरातल्या सगळ्या खर्चांत हा फिरतीचा खर्च तिला सर्वांत जाचतो. तेलाची छोटी पिशवी, पाव किलो डाळ असं ती थोडं थोडं आणते आणि त्यापायी किलोमागे जास्त मोजते. हातात एकरकमी पैसा नसला की प्रत्येक वस्तू महाग पडते.

जुन्या आधारांपैकी तिच्याकडे एकच शिल्लक आहे, वर न मोजलेला: लोकलचा सेकंड क्लासचा पास. जून २०१४ मध्ये रेल्वेने पासाचे दर जवळजवळ दुप्पट करायचं जाहीर केलं, तेव्हा असा गहजब झाला की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. लोकांनी बरोबर ओळखलं होतं. तो पास त्यांच्या पगाराचाच भाग आहे. मात्र बेस्टचं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेलं किमान भाडं मे २०२५ मध्ये दहा झालं, तेव्हा तेवढा आवाज उठला नाही. स्टेशनपासून कामापर्यंतचे ते दहा-दहा रुपये ती आता चालून वाचवते.

पास स्वस्त असला तरी प्रवास स्वस्त नाही. जागा मिळावी म्हणून ती आधी उलट्या दिशेने विरारला जाते आणि त्याच गाडीने परत निघते. दाराशी लटकणाऱ्यांना तेवढीही सवड नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, काही जिवानिशी गेली. त्यांतली काही माणसं कामावर निघाली होती, आणि घर इतकं लांब का होतं याचं कारण पगाराच्या चिठ्ठीत होतं. वाचवलेलं भाडं आज लोक झोपेतून आणि कधी जिवातून चुकवत आहेत. पूर्वी गावाकडच्या बाईने आणि खानावळवालीने उचललेला भार आता या माणसांच्या शरीरावर आला आहे.

यावर घरं बांधू, असं प्रत्येक सरकार म्हणतं, आणि घर म्हणजे मालकीचं घर असंच धरून चालतं. सोडतीत नाव लागलं तरी कर्ज मिळायला पगाराची चिठ्ठी आणि कायम नोकरी लागते. तिचा कंत्राटदार अधूनमधून बदलतो. एमएमआरडीएने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. दिशा योग्य होती. पुढे भाड्याची कल्पनाच मागे पडली आणि पनवेलजवळच्या कोनमधली त्या योजनेतली घरं सोडतीने गिरणी कामगारांना दिली गेली. गिरणी कामगारांचा हक्क वादातीत आहे, पण त्यासाठी भाड्याची घरं संपवायची गरज नव्हती. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेऊ नये असं म्हटलं आहे. तेवढी एक तरतूद नालासोपाऱ्याच्या चाळीपर्यंत पोचली, तरी तिच्या चाळीस हजारांतले अठ्ठावीस हजार मोकळे होतील.

तिला मालकीचं घर हवं का, असं मी विचारलं होतं. तिने कामापासून अर्ध्या तासावरची खोली मागितली, दर अकरा महिन्यांनी कुणी उठवणार नाही अशी, आणि भाडं दोघांच्या पगाराच्या पाचव्या हिश्शात बसणारं. अशा खोल्या बांधून सरकारच्याच मालकीत ठेवणं आणि भाड्याने देत राहणं हे महापालिकेचं आणि राज्याचं काम आहे. त्या उभ्या राहीपर्यंत किमान वेतन ठरवणाऱ्या समितीने निदान नालासोपाऱ्यातल्या खोलीचं आजचं भाडं विचारून यावं आणि पाच टक्के खोडून तिथे तो आकडा लिहावा.