सेवाकार्य आणि सुट्टीचा दिवस

परदेशी मिशनकार्यासाठी गेलेल्या आपल्या माणसांची पत्रे एके काळी महिन्या-दोन महिन्यांनी येत असत. आता छायाचित्रे त्याच संध्याकाळी हाती पडतात. आफ्रिकेतील एखाद्या मिशन दवाखान्यात वर्षभराच्या सेवेसाठी गेलेली परिचारिका शनिवारी जिराफांच्या कळपासमोर हसत उभी दिसते आणि इकडे धर्मग्रामात कुजबूज सुरू होते: सेवेला गेली की सहलीला? मिशन रविवारी पाकिटात घातलेल्या पैशांची आठवण नेमकी त्याच वेळी होते. हा आक्षेप आम्हांस काहीसा कोता वाटतो. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न कोता नाही. सेवेसाठी वाहिलेल्या काळातील एखादा दिवस सेवकाचा स्वतःचा असू शकतो काय?

धर्मसभेचे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या कल्पनेपेक्षा उदार आहे. १९८३ च्या धर्मसभा कायदासंहितेतील २८३ वे कलम धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशी सुट्टी मिळण्याचा हक्क देते. ५३३ वे कलम प्रमुख धर्मगुरूला सुट्टीनिमित्त वर्षातून एक महिन्यापर्यंत धर्मग्रामाबाहेर राहण्याची मुभा देते आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरू नयेत असेही सांगते. त्याही मागे शुभवर्तमान आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रेषित कामगिरीवरून परततात. माणसांची रीघ एवढी की त्यांना जेवावयासही सवड नाही. तेव्हा प्रभू त्यांना होडीतून निर्जन जागी विसाव्यासाठी नेतो. लोक पायीच धावत त्यांच्याआधी तेथे पोहोचतात आणि ती सुट्टी बुडते, हे खरे. पण बुडाली म्हणून ती दिलीच नव्हती असे म्हणता येणार नाही.

मदर तेरेसांच्या धर्मभगिनींच्या कोलकात्यातील संस्थांमध्ये देशोदेशींचे तरुण स्वखर्चाने सेवेसाठी येत आले आहेत. कालीघाटचे निर्मल हृदय १९५२ साली सुरू झाले. तेथे मरणासन्नांना भरवणे, त्यांचे कपडे व अंथरुणे धुणे हे त्यांचे काम. या स्वयंसेवकांना गुरुवारी सुट्टी देण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी कोणी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहावयास जातो, कोणी हुगळीच्या घाटावर बसतो, कोणी नुसता झोपतो. ज्या घरात कामाला अंत नाही, त्या घरानेच हा दिवस राखून ठेवावा, याचा विचार कुजबुजणाऱ्यांनी अवश्य करावा.

मात्र ही सुट्टी गुरुवारची आहे, याकडेही आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शनिवार-रविवारची गोष्ट थोडी निराळी. कचेरीत काम करणाऱ्याचा आठवडा शुक्रवारी संपतो. मिशनचा आठवडा तेथेच भरात येतो. पापनिवेदन, धर्मशिक्षण, गायनाचा सराव, रविवारची मिस्सा आणि तिच्यानंतर आवारात रेंगाळणाऱ्या गप्पा. दूरच्या वाड्यांवरून माणसे चालत येतात ती याच दिवशी. एरवी परिचारिकेला रुग्ण भेटतो, शिक्षकाला विद्यार्थी भेटतो. रविवारी त्यांची आई, आजोबा, धाकटी भावंडे भेटतात. गाव मोकळे असते त्याच दिवशी पाहुणा गावाबाहेर, असे दर आठवड्याला घडू लागले, तर सेवा होईल. ओळख होणार नाही. पैशांच्या हिशेबापेक्षा हे नुकसान आम्हांस मोठे वाटते.

आणि पाहणे म्हणजे तरी काय? संत पौल अथेन्समध्ये सीला व तीमथ्य यांची वाट पाहत होता. तो शहरात हिंडला. तेथील मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला, तरी त्याने तोंड फिरवले नाही. देवस्थाने निरखता निरखता अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी त्याला आढळली आणि अरीयपगावर बोलावयास उभा राहिला तेव्हा त्याने आरंभ केला तो त्या वेदीपासून. सवडीच्या दिवसांतील ती भटकंती नसती, तर अथेन्सकरांशी बोलावयास तो सुरुवात कोठून करता?

आपल्या भाषेतले उदाहरण तर घरचेच आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्यास आले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समुद्रावरचे पक्षी आणि उडणारे मासे मोठ्या कुतूहलाने वर्णिले आहेत. तोच डोळा पुढे साष्टीतील माणसांकडे आणि त्यांच्या बोलीकडे वळला. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त हा इंग्रज मराठीला फुलांतील मोगऱ्याची उपमा देतो, ती येथला मोगरा पाहिल्यावाचून सुचलेली नाही. अर्थात त्यांच्यापाशी जवळजवळ चाळीस वर्षे होती. आजच्या स्वयंसेवकापाशी कधी सहाच आठवडे असतात.

उतावळी नजर असते ती याचमुळे. डोंगर, धबधबा, हत्ती यांना तिच्यामुळे काही इजा होत नाही. पण तीच नजर सोमवारी दवाखान्यात आली आणि खाटेवरच्या मुलाकडेही ‘काय पाहिले’ याच्या यादीतील एक म्हणून पाहू लागली, तर काय? आजारी मुलाला मांडीवर घेऊन काढलेले छायाचित्र आम्हांस जिराफाच्या छायाचित्राहून अधिक अस्वस्थ करते. जिराफाच्या छायाचित्रावर कुजबुजणारे आपण नेमके हे दुसरे छायाचित्र मात्र कौतुकाने भिंतीवर लावतो. त्या मुलाच्या आईला कोणी विचारले होते काय?

प्रवासाचा खर्च स्वतःच्या खिशातून व्हावा, मिशनची जीप रुग्णांसाठी मागे राहावी, आणि कोणा सहकाऱ्यावर आपली पाळी ढकलून निघू नये, एवढे तर उघडच आहे. याखेरीज आम्ही एक सुचवू. परदेशी पाहुणा ज्या धबधब्यासाठी एवढा प्रवास करतो, तो मिशनच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईंनी कित्येकदा पाहिलेलाही नसतो. बसभाडे आणि प्रवेशमूल्य त्यांना परवडत नाही. पुढच्या वेळी दोन तिकिटे काढावीत आणि त्यांना विचारून पाहावे. त्या कदाचित नकोही म्हणतील, त्यांना घरची कामे असतील. पण आल्या तर वाटेतल्या गावांची, शेतांची, झाडांची नावे सांगणारे कोणी तरी बसमध्ये शेजारी असेल.